भीम जेवला, कुंती जेवली का?

दुपारची भांडी झाली असतील, नसतील तर घासता घासता ऐका. रेडिओला राग येत नाही.

दिवाळी झाली की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावच्या मंडया सुरू होतात. रात्रभर दंडार, खडी गंमत, नाटक. त्यात कधी महाभारतातलं सोंग निघालं आणि भीम गदा खांद्यावर टाकून आला, की पेंगलेले पोट्टेसुद्धा उठून बसतात. पण या गड्याला रांधून घातलं कोणी, हे काही सोंगात नसतं. आम्ही बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की एक गोष्ट सांगतो. मागच्या खेपेला भीमाच्या लहानपणाची सांगितली. हसून हसून पोट दुखलं, आणि मधे दोनदा सगळ्या गप्पही झाल्या. तीच आज सांगतो.

भीम तान्हा होता तेव्हाची गोष्ट. कुंती त्याला मांडीवर घेऊन डोंगरात बसली होती. समोर वाघ आला. बाई दचकून उठली आणि मांडीवरचं लेकरू खाली दगडावर पडलं. लेकराला खरचटलंही नाही, दगडाचे तुकडे झाले! आपल्याकडे लेकरू बाजेवरून पडलं तर सासू पहिल्यांदा विचारते, "काहून वो, लक्ष कुठं होतं तुझं?" इथं पांडुराजा दगडाकडेच बघत राहिला, म्हणून कुंती वाचली.

पुढं पांडू गेला. माद्री त्याच्यामागं गेली. आता कुंतीचा हिशेब मांडा. स्वतःचे तीन, माद्रीचे जुळे दोन, असे पाच पोरं. नवरा नाही. सोबत रानातले ऋषी, आणि जायचं कुठं, तर सासरी हस्तिनापूरला. तिथं मोठे दीर आंधळे, मोठ्या जाऊबाईंनी डोळ्यांना पट्टी बांधलेली आणि त्यांचे शंभर पोरं. पांडूचे दिवस झाले तशी आजेसासू सत्यवती दोन्ही सुनांना घेऊन तपाला रानात निघून गेली. म्हणजे हाताखाली घ्यायला सासूही उरली नाही. एकशेपाच पोरांच्या वाड्यात विधवा जाऊ म्हणून राहायचं काय असतं, हे आपल्यातल्या कितीकींना सांगावं लागणार नाही.

त्यात भीम! चुलतभावांचे केस धरून फरफटवायचा. दहा-दहा जणांना कवेत घेऊन पाण्यात बुडी मारायचा आणि ते अर्धमेले झाले की सोडायचा. ते फळं काढायला झाडावर चढले की खालून झाडाला लाथ मारायचा. आधी फळं पडायची, मागून कौरव. महाभारत म्हणतं, त्याच्या मनात वाईट नव्हतं, पोरवय होतं. पण तक्रारी कोणाकडं येत असतील? पोथीत लिहिलेलं नाही, पण आपल्याला माहीत आहे.

दुर्योधनानं मग बेत केला. गंगेच्या काठावर मंडप घातला, पंचपक्वान्नं केली आणि भीमाला स्वतःच्या हातानं भरवलं. कधी पाण्याचा तांब्या न उचलणारा माणूस भरवायला लागला, तर आपण बाया लगेच ओळखू की काहीतरी शिजतंय. भीमानं ओळखलं नाही. त्याचं लक्ष ताटात. विष चढून तो झोपला, तसं त्याला वेलींनी बांधून पाण्यात ढकललं. खाली नागांनी डसलं, आणि विषावर विषाचाच उतारा पडला. भीम जागा होऊन नागांनाच बडवायला लागला. तिथं आर्यक नावाचा म्हातारा नाग होता, कुंतीच्या माहेरच्या नात्यातला. त्यानं पोराला ओळखलं. मग काय, माहेरचा पाहुणचार! बळ देणाऱ्या रसाची कुंडं होती, एकेका कुंडात हजार हत्तींचं बळ. भीमानं आठ कुंडं पोटात घातली, एका घोटात एक, आणि झोपला तो आठव्या दिवशी उठला. आमच्या गटातली एक मावशी म्हणाली, "सासरी विष मिळालं आन् माहेरात रस, नवीन काय सांगितलं?"

इथं हसू थांबलं. कारण ते आठ दिवस कुंती काय करत होती? चौघं घरी आले, भीम आला नाही. तिनं दीर विदुराला बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, मला दुर्योधनाचा संशय आहे. विदुर भला माणूस. तरी तो म्हणाला, बोलू नका, बोललात तर बाकीच्या पोरांवर येईल. भीम परत आला, त्यानं सगळं सांगितलं, तेव्हा धर्मराजही तेच म्हणाला, गप्प राहा. त्यामागं शहाणपण होतं, नाही असं नाही. पण घरात विष घातलं गेलं, घालणारा सगळ्यांना माहीत आणि गप्प राहायची पाळी आईची. पुढं दुर्योधनानं पुन्हा विष घातलं, भीमानं तेही पचवलं. सगळ्याच लेकरांचं पोट भीमाचं नसतं, बायांनो.

आता शिक्षण. आधी कृपाचार्य, मग द्रोणाचार्य. द्रोण इथं आले कसे, ते ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या घरी गाय नव्हती. अश्वत्थामा लहान, त्यानं दुसऱ्यांच्या घरी पोरं दूध पिताना पाहिली. त्या पोरांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिलं आणि हे लेकरू "मी दूध प्यालो" म्हणत नाचायला लागलं. ते पाहून बापाच्या काळजात कालवलं. मदत मागायला जुना मित्र द्रुपद राजा याच्याकडं गेले, त्यानं अपमान केला, आणि तिथून ते हस्तिनापूरला पोचले. एवढी मोठी शाळा उभी राहिली ती वाटीभर दुधापायी. आपल्याकडं म्हैस घरची असते, पण सकाळचं दूध डेअरीत जातं आणि घरच्या पोराच्या कपात काळा चहा येतो. पैसा लागतो, खरं आहे. पण एक कप मागं ठेवला तर डेअरी बंद पडत नाही.

हे गुरुजी आपल्या पोराच्या बाबतीत मात्र जरा कच्चे. काही पोथ्यांत असं आहे की सगळ्या शिष्यांना पाणी आणायला अरुंद तोंडाचे कमंडलू द्यायचे, आणि अश्वत्थाम्याला रुंद तोंडाचा घडा. त्याचा पटकन भरायचा, तो आधी यायचा, तेवढ्यात त्याची खासगी शिकवणी! अर्जुनानं हे हेरलं आणि वरुणास्त्रानं आपला कमंडलू झटक्यात भरायला लागला. उन्हाळ्यात बोअरवर गुंड घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या बायांना हे अस्त्र कोणत्या योजनेत मिळतं, तेवढं कोणी सांगा.

एका रात्री अर्जुन जेवत होता, वाऱ्यानं दिवा विझला. तरी हात बरोबर तोंडाकडं गेला. त्याला वाटलं, हात अंधारात चुकत नाही तर बाण तरी काहून चुकेल? तेव्हापासून तो अंधारात नेम धरायला लागला. गंमत म्हणजे द्रोणांनी रांधणाऱ्याला आधीच बजावून ठेवलं होतं की याला अंधारात वाढू नको. या गोष्टीवर आमची बैठक दहा मिनिटं थांबली. सगळ्यांचं झाल्यावर, लाईट गेलेली असताना, गंजातलं उरलंसुरलं चाचपत आपण किती वर्षं जेवतो आहोत! मग आपल्याला धनुर्विद्या अजून कशी आली नाही?

एकलव्याबद्दल थोडंच बोलतो. त्याला शाळेत घेतलं नाही, एक दिवस शिकवलं नाही, आणि दक्षिणा मात्र उजव्या हाताचा अंगठा घेतली. यावर आमच्या गटात कोणालाच विनोद सुचला नाही.

शिक्षण झालं तसा मोठा रंगमंडप घातला. भीम आणि दुर्योधन गदा घेऊन उतरले, अर्जुनानं बाणांचे खेळ दाखवले. आंधळ्या धृतराष्ट्राला विदुर सगळं सांगत होता, आणि पट्टी बांधलेल्या गांधारीला कुंती. सगळ्यांना संजय आठवतो, पण त्याच्या कितीतरी आधी ही बाई थेट प्रक्षेपण करत होती! तेही कोणाला, तर ज्यांच्या पोरानं आपल्या पोराला विष घातलं त्या जाऊबाईंना. मग कर्ण आला. लहानपणी नदीत सोडलेला आपला मुलगा कुंतीनं ओळखला आणि ती बेशुद्ध पडली. गांधारीला पुढचं कोणी सांगितलं, कोणास ठाऊक.

त्यानंतर लाखेचं घर जळालं आणि माय-लेकरं लपतछपत एकचक्रा नगरीत एका ब्राह्मणाच्या घरी राहिली. पोरं भिक्षा मागून आणत आणि कुंती वाटे करी. अर्धं एकट्या भीमाला, अर्ध्यात बाकी सगळे. हे आम्ही बैठकीत करून पाहिलं. लाखोळीचे साठ दाणे घेतले. तीस भीमाला. उरलेल्या तिसात पाच जण, म्हणजे सहा-सहा. जी बाई कुंती झाली होती तिनं वाटे बरोबर केले, आणि मग कोणी काही न सांगता आपल्यातले दोन-दोन दाणे उचलून नकुल-सहदेवाच्या वाट्यात टाकले. कुंतीपुढं दोन राहिले. आधी सगळ्या हसल्या. मग एक पोरगी म्हणाली, "ताई, आमच्या घरी तर भीमही नाही, तरी माईच्या पुढं दोनच असतात."

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांमध्ये ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राहणाऱ्या आपणच त्या. त्या दिवसापासून आमच्या गटातल्या अकरा जणी घरच्यांसोबत, एकाच वेळी ताट वाढून बसतात. दोघींच्या घरी कुरकुर झाली. एकीचा नवरा म्हणाला, मग गरम भाकर कोण देईल? तिनं टोपली मधे ठेवली.

गोष्ट संपवतो. एकचक्रेत बकासुर होता. त्याला गाडीभर भात, दोन रेडे आणि नेणारा माणूस द्यावा लागे. घराघराची पाळी, आपल्या गटातल्या कर्जासारखी. ब्राह्मणाच्या घरची पाळी आली, घरात रडारड झाली, तेव्हा कुंतीनं कोणाला न विचारता ठरवलं की भीम जाईल. धर्मराज घरी आला आणि आईवर चिडला. तिनं ऐकून घेतलं, पण निर्णय बदलला नाही. भीम गाडी घेऊन गेला आणि बकाला हाका मारत स्वतःच भात खायला बसला. बकासुर मागून पाठीत गुद्दे घालतोय, झाड उपटून मारतोय, आणि हा घास सोडत नाही. गाडी रिकामी केली, हात धुतले, मग उठला आणि त्याला मारलं.

आमची ती मावशी म्हणाली, "म्हणजे त्या रातीला भीम जेवून आला होता न? मंग त्याचा अर्धा वाटा घरी उरला असंल. त्या दिशी कुंती पोटभर जेवली असंल, बाप्पा."