पाहुणे, पंखे आणि पान्सोरी



दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सेऊल येथे, परदेशी पाहुण्यांसाठी पारंपरिक संगीत व नृत्याचे जे कार्यक्रम योजले जातात, त्यांत पान्सोरीच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. पान्सोरी म्हणजे हाती पंखा घेतलेला एक गायक वा गायिका, साथीला ढोलवादक आणि एक दीर्घ आख्यान. छुनह्यांगच्या निष्ठेची कथा समग्र गावयाची तर आठ-आठ तासही लागतात. आपल्या कीर्तनाची आठवण व्हावी! त्यात श्रोताही सहभागी असतो. योग्य स्थळी ‘ओल्सिगु!’ अशी दाद त्याने द्यावयाची असते. भाषा न जाणणारा पाहुणा ती कोठून देणार?

पंख्यांचे नृत्य मात्र त्याला तत्काळ भावते. ते प्राचीन समजले जाते. वस्तुतः किम पेक-बोंग या नर्तकीने ते १९५४ साली रचिले. त्यात कमीपणा आहे असे मला वाटत नाही. गावच्या अंगणातील वाद्यमेळातून चार वाद्ये निवडून १९७८ साली रंगमंचावर आलेले ‘सामुल्नोरी’ही आज परंपरेतच जमा आहे.

चिंता निराळी आहे. टाळी मिळते तेवढेच शिकविले जाऊ लागले, तर संपूर्ण आख्यान गाणार कोण? तेथील शासनाने १९६२ साली सांस्कृतिक वारसा रक्षणाचा कायदा केला व १९६४ मध्ये पान्सोरीला त्याचे संरक्षण दिले. शासनाची मान्यता पावलेल्या कलावंतास दरमहा मानधन मिळते, ते पाहुण्यांपुढील प्रयोगांसाठी नव्हे, शिष्य घडविण्यासाठी.