सोबतीचा व्यायाम



व्यायाम म्हटला की दंड-बाहू डोळ्यांपुढे येतात. मनाचा विचार आपण क्वचितच करतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. नैराश्याने ग्रासलेल्या, पन्नाशीतील व त्यापुढच्या १५६ स्त्री-पुरुषांपैकी काहींना औषध, काहींना व्यायाम, तर काहींना दोन्ही देण्यात आले. औषधाचा गुण लवकर दिसला. परंतु १६ आठवड्यांअखेर तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखीच भरली. व्यायाम तरी कोणता? आठवड्यातून तीनदा, अर्धा तास झपझप चालणे, धावणे, एवढाच!

म्हणून चालू औषधे कोणी आपल्या मनाने थांबवू नयेत. तो निर्णय डॉक्टरांचा. मला मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच. ही मंडळी एकत्र, देखरेखीखाली व्यायाम करीत होती. खचलेल्या माणसाला ‘जरा फिरून ये’ असे सांगणे सोपे. त्याला अंथरुणातून उठणेच जड झालेले असते, हे आपण ध्यानात घेत नाही. निवृत्तीनंतर अबोल झालेले शेजारचे काका, परीक्षेच्या धास्तीने कोंडून घेतलेला मुलगा, ‘घरकामातच व्यायाम होतो’ म्हणून आपण सोयीस्करपणे वगळलेली गृहिणी... उद्या सकाळी त्यांना हाक मारा, सोबत घेऊन निघा. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाणे झाले तरी पुष्कळ आहे.