कान कोणाचे, निर्णय कोणाचा?

(कल्याण-डोंबिवली परिसरातील महिला गटांच्या आरोग्य बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मिश्री सोडा, तोंडातला चट्टा दाखवून घ्या, अंगावरून जात असेल तर लाजू नका, हे आपण वस्त्यावस्त्यांतून वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. ते सांगत राहायलाच हवं. आज मात्र मला त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल बोलायचं आहे. कॅन्सर असल्याचं कळलं, उपचार ठरायची वेळ आली. त्या वेळी बाईला काय सांगितलं जातं? आणि तिच्या वतीने कोण ठरवतं? हा प्रश्न मी आज फक्त कानापुरता मांडणार आहे, कारण कानाचा प्रश्न इतका किरकोळ समजला जातो की तो कोणी विचारतच नाही.

मी डॉक्टर नाही. कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही आणि तुम्हीही कोणाला सांगू नका. पण बाईबरोबर कल्याणहून धीम्या लोकलने परळला जाणारी, तिच्या शेजारी बाकावर बसणारी कार्यकर्ती म्हणून तिला प्रश्न विचारायला बळ देणं हे आपलं काम आहे. त्यासाठी थोडी माहिती हवी.

तोंडाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये किरणोपचाराबरोबर, म्हणजे बायका ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात त्याच्याबरोबर, बहुतेक वेळा सिस्प्लॅटिन हे औषध सलाइनमधून देतात. औषध जुनं आहे, स्वस्त आहे आणि गुणकारी आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने गर्भाशयमुखाचा कॅन्सर पुढच्या अवस्थेत पोचलेल्या ८५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या किरणोपचाराने पाच वर्षांनंतर शंभरातल्या ४६ जणी हयात होत्या. जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिलं तेव्हा ५४. शंभरातल्या या आठ बायका म्हणजे आठ घरं आहेत. म्हणून भीतीपोटी औषध नाकारा असं मी मुळीच म्हणत नाही.

पण हेच औषध कानाला इजा करतं. आतल्या कानात शंखासारखा भाग असतो. त्यात केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. सिस्प्लॅटिन या पेशी मारतं आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान बहुधा दोन्ही कानांना होतं आणि ते कायमचं असतं. जितकी मात्रा साठत जाते तितका धोका वाढतो. औषध आतल्या कानात महिनोन् महिने टिकून राहतं, त्यामुळे उपचार संपल्यावरही ऐकणं कमी होत जाऊ शकतं. सुरुवात बहुतेक वेळा बारीक, उंच आवाजांपासून होते. कानात सतत शिटी वाजल्यासारखं होतं. भांडं पडलेलं ऐकू येतं, ट्रक आलेला कळतो, पण स, श, त, फ ही अक्षरं गळतात. 'सात' म्हटलेलं 'आठ' वाटतं. लहान मुलाचं बोलणं कळत नाही. घरचे म्हणतात, हिला ऐकू येतं, पण मुद्दाम लक्ष देत नाही. ज्या घरात बाईचं आधीच कोणी ऐकून घेत नाही, तिथे तिलाही ऐकू येईनासं झालं की ती किती एकटी पडते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग सगळीकडून एकच वाक्य येतं : 'जीव वाचतोय, कानाचं काय घेऊन बसलीस?' हे वाक्य प्रेमापोटीही येतं. पण त्यात असं गृहीत धरलेलं असतं की वाटा दोनच आहेत, एक तर जीव नाहीतर कान. खरं म्हणजे वाटा दोनपेक्षा जास्त आहेत, आणि त्यांचा हिशेब डॉक्टर मंडळींनीच मांडून ठेवलेला आहे.

पहिली वाट, मात्रेची. तोंड आणि घशाच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिन दर तीन आठवड्यांनी मोठ्या मात्रेत देतात किंवा दर आठवड्याला लहान मात्रेत. मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे मोजतात. टाटा रुग्णालयानेच ३०० रुग्णांमध्ये याची तुलना केली. तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम घेतलेल्या शंभरातल्या ७३ जणांमध्ये दोन वर्षांनंतर आजार जागच्या जागी आटोक्यात होता. आठवड्याला ३० मिलिग्रॅम घेतलेल्यांत हे प्रमाण ५८ होतं. मोठ्या मात्रेत तीव्र त्रास मात्र अधिक जणांना झाला. हा अभ्यास २०१८ चा. पुढे २०२२ मध्ये जपानमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशननंतर आजार परतण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांना आठवड्याला ३० नव्हे, ४० मिलिग्रॅम दिलं होतं. तो उपचार मोठ्या मात्रेपेक्षा कमी ठरला नाही, आणि कानाचा त्रासही कमी झाला. म्हणजे 'आठवड्याचं घ्यायचं की तीन आठवड्यांचं' एवढंच विचारून भागत नाही. 'किती मिलिग्रॅम' हेही विचारायला हवं.

दुसरी वाट, औषध बदलण्याची. ज्यांना सिस्प्लॅटिन झेपणारच नाही, उदाहरणार्थ ज्यांची ऐकण्याची शक्ती आधीच कमी आहे किंवा मूत्रपिंड अधू आहे, अशा ३५६ रुग्णांचा तोंड-घशाच्या कॅन्सरचा अभ्यासही टाटा रुग्णालयाने केला. नुसत्या किरणोपचारावर दोन वर्षांनंतर शंभरातले जवळजवळ ४२ जण हयात होते. जोडीला दर आठवड्याला डोसेटॅक्सेल दिलेल्यांत ५१. मात्र तोंड सोलून निघण्याचा त्रास त्यांना जास्त झाला. फुकट काहीच मिळत नाही, पण वाट आहे.

तिसरी गोष्ट, आजार कोणता यावर उत्तर बदलतं. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिनऐवजी कानाला कमी त्रास देणारं कार्बोप्लॅटिन तितकंच गुण देतं, हे २००३ मध्येच दिसून आलं आहे. म्हणून अंडाशयाचं ऐकून तोंडाला लावायचं नाही आणि शेजारणीचं ऐकून स्वतःला लावायचं नाही.

आता तीन बायकांबद्दल सांगते. नावं सांगणार नाही.

एक भिवंडीची. वीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरल्या. मागाच्या खडखडाटाने कान आधीच गेलेले, पण तिला वाटे, लोकच हळू बोलतात. उपचाराआधी कानाची तपासणी झाली म्हणून हे कळलं. डॉक्टरांनी सिस्प्लॅटिन टाळलं आणि दुसरं औषध दिलं.

दुसरी डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवते. तिने सगळं समजून घेतलं आणि मोठी मात्रा निवडली. म्हणाली, 'फोनवरच्या ऑर्डरी मुलगी घेईल. गाठ परत आली तर पोळ्या कोण लाटणार?'

तिसरी कल्याणला बालवाडीत शिकवते. तिच्या नवऱ्याने मोठ्या मात्रेला होकार देऊनही टाकला होता. ती म्हणाली, 'मुलांचे आवाजच बारीक असतात. ते ऐकू आले नाहीत तर मी वर्गात उभी राहून काय करू?' डॉक्टरांशी पुन्हा बोलणं झालं. तिच्या आजारात ४० मिलिग्रॅमची आठवड्याची मात्रा चालेल असं ठरलं.

दोघींची निवड वेगळी, आणि दोन्ही मला बरोबर वाटतात. कारण रोज काय ऐकावं लागतं, कशावर आपलं पोट आहे, हे त्या त्या बाईलाच माहीत. डॉक्टर आकडे सांगू शकतात. त्या आकड्यांचं वजन तिनेच करायचं असतं. नवऱ्याने, दिराने किंवा मुलाने केलेली सही म्हणजे तिची संमती नव्हे.

म्हणून बरोबर जाल तेव्हा एवढं विचारा.

पहिल्या सलाइनच्या आधी कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, होणार का? आधीची नोंद नसेल तर नंतर किती बिघडलं हे कळणारच नाही. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात याची चौकशी करता येईल.

उपचार चालू असताना तपासणी पुन्हा कधी होणार? कानात शिटी वाजायला लागली तर पुढच्या सलाइनच्या आधी सांगा. 'सांगितलं तर औषध बंद करतील' या भीतीने बायका गप्प बसतात. सांगितलं म्हणजे लगेच औषध बंद होतंच असं नाही. मात्रा बदलता येते का, औषध बदलता येतं का, हे पाहता येतं.

मध्येच ताप आला आणि दुसऱ्या दवाखान्यात जेंटामायसिन किंवा अमिकासिनचं इंजेक्शन द्यायला निघाले, तर सिस्प्लॅटिन चालू असल्याचं तिथे आधी सांगा. ही इंजेक्शनंही कानाला इजा करतात.

या औषधाने आणि या मात्रेने माझ्यासारख्या शंभरजणींत किती जणींना जास्त फायदा होतो? हा प्रश्न आकड्यातच विचारा. 'चांगलं आहे', 'स्ट्राँग आहे' हे उत्तर नव्हे.

आणि कान गेलेच तर? वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे तपासणी होते, श्रवणयंत्राबद्दल मार्गदर्शन मिळतं. कमी उत्पन्नाच्या लोकांना यंत्र मिळावं यासाठी केंद्र सरकारची योजना आहे. पण एक खाच लक्षात ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बोलण्याच्या पट्टीतले आवाज दोन्ही कानांना ६० डेसिबलने किंवा त्याहून जास्त प्रमाणात कमी ऐकू येत असतील, तरच श्रवणदोष धरला जातो. सिस्प्लॅटिनने आधी जातात ते उंच आवाज. त्यामुळे वर्गातली, दुकानातली, फोनवरची बाई रोज अडते, पण दाखला मागायला गेली तर ती मोजमापात बसत नाही. या बायकांच्या वतीने बोलणं हाही आपल्या चळवळीचा विषय व्हायला हवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक गोष्ट करून यावी. आपल्या वस्तीत सध्या केमोथेरपी घेत असलेल्या बायकांना भेटा आणि एवढंच विचारा : कानाची तपासणी झाली होती का, आणि औषध ठरताना तुम्हाला कोणी विचारलं होतं का? उत्तरं लिहून आणा. मग आपण ती घेऊन रुग्णालयांकडे जाऊ.