पदवीनंतर नृत्य



वर्धापनदिनाला मी दोन शब्द बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. लोणच्याविषयी बोलणे सोपे गेले असते. पण सध्या आपल्या आळीत एकच चर्चा आहे. आपल्यापैकीच एकीची मुलगी बी.ए. झाली आणि म्हणते, मी नोकरीचे अर्ज भरणार नाही, पुण्याला जाऊन आधुनिक नृत्य शिकणार. आईने मला विचारले, "वहिनी, नाचून पोट भरते का हो?"

नाच वाईट, असे आपण कोणीच म्हणणार नाही. भुलाबाईची गाणी म्हणत आपण वाढलो. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर होळीला बायका लेंगी म्हणत नाचतात, ते आपण कौतुकाने पाहतो. खरा प्रश्न पोटाचा आहे.

पुण्याच्या रोहिणी भाटे 1946 साली फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झाल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांनी 'नृत्यभारती' ही कथकची संस्था काढली. त्या काळी चांगल्या घरच्या मुलीने पायांत घुंगरू बांधणे लोकांना रुचत नसे. संस्था काढल्यावरही त्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे कित्येक वर्षे शिकतच होत्या. म्हणजे पदवी झाली की शिकणे सुरू होते, संपत नाही. आईबापांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

कथकला निदान परीक्षा आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'विशारद' झाली की शिकवणीच्या पाटीवर ते लिहिता येते. आधुनिक नृत्याला तोही आधार नाही. अस्ताद देबू मुंबईचे वाणिज्य शाखेचे पदवीधर. 1969 साली ते परदेशी निघाले, लंडनला आधुनिक नृत्य शिकले. परत आल्यावर हे कुठले नृत्य, असे लोक विचारीत. पुढे त्यांनी कोलकाता आणि चेन्नई येथील कर्णबधिर मुलांना सोबत घेऊन नृत्ये बसविली. त्यांना पद्मश्री मिळाली 2007 साली. निघाल्यापासून मोजा, अडतीस वर्षे झाली! 2020 साली ते वारले.

आता हिशेब सांगते. कार्यक्रमातून मिळण्यापेक्षा खर्चच अधिक होतो. सभागृहाचे भाडे, ध्वनिक्षेपक, कपडे, साथीदार, सारे खिशातून. घर चालते ते वर्गांवर आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांवर. संमेलने हिवाळ्यात, परीक्षा जवळ आल्या की वर्गातील मुली निम्म्या होतात. सिमेंटच्या फरशीवर रोज नाचून गुडघे जातात, त्याची रजा पगारी नसते. दूरचित्रवाणीवर एक मुलगी जिंकताना दिसते, घरी परतलेल्या शंभर दिसत नाहीत. शिवाय स्थळे येऊ लागली की पहिला प्रश्न हाच, लग्नानंतर नाच सोडणार ना? (मुलाला कोणी क्रिकेट सोडणार का, असे विचारीत नाही.)

तरीही मी त्या मातेला नाही म्हणा, असे सांगितले नाही. दोन वर्षांचा खोलीभाडे-जेवणाचा खर्च मांडा, असे सांगितले. पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, तेथे कथक आणि भरतनाट्यमची रीतसर पदवी मिळते. आधुनिक नृत्यासोबत एक शास्त्रीय नृत्य पक्के असले की उद्या वर्ग तरी चालविता येतो. मुलीने सकाळी शिकवण्या घेण्याचे कबूल केले आहे. वडिलांनी अद्याप होकार दिलेला नाही. त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. घरात धाकटा शिकायचा आहे.

आणखी एक बोलते, रागावू नका. गेल्या कोजागिरीला एका मुलीने आपल्या सभासदांचा नाच बसविला. तीन आठवडे रोज संध्याकाळी येत होती. ढोलकीवाल्याला आपण पैसे मोजून दिले, मांडववाल्यालाही दिले. तिला दिला खण आणि नारळ, आणि वर "आपलीच तर पोरगी" म्हणालो. पैसे न देणाऱ्यांत आपणही आहोत, मग नाचून पोट भरते का हे विचारायचे कोणाला? पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात शिकविणारीच्या मानधनाची रक्कम ढोलकीच्या वर लिहावी, अशी सूचना मी आज मांडते. खजिनदारबाईंनी ती टिपून घ्यावी.