एका लहानशा रेघेचें महत्त्व

एकाच संगणकावर अनेकांनीं काम करावयाचें, तर कोणाला कशाची मुभा आहे हें आधीं ठरावें लागतें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तींत ही व्यवस्था अगदीं सरळ आहे. प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक शून्य, तो ‘रूट’, म्हणजे प्रशासक. इतरांवरचीं बंधनें त्याला जवळजवळ नाहींत. कोणाचीहि फाइल तो वाचूं शकतो. तसाच एका चुकीच्या आज्ञेनें सर्व कांहीं पुसूनहि टाकूं शकतो.

म्हणून शहाणा व्यवस्थापक रोजचें काम साध्या खात्यांतूनच करतो आणि गरजेपुरताच प्रशासक होतो. त्यासाठीं ‘एस’ व ‘यू’ या दोन अक्षरांची ‘सु’ ही आज्ञा आहे. ती रूटचा परवलीचा शब्द विचारते आणि त्याचा अधिकार देते. परंतु नुसती ‘सु’ दिली, तर अधिकार नवा आणि सरंजाम जुना, अशी स्थिति होते. विशेषतः ‘पाथ’, म्हणजे आज्ञांचे प्रोग्राम कोणकोणत्या कप्प्यांत शोधावयाचे याची यादी, पुष्कळदां जुन्या खात्याचीच राहते. डेबियन लिनक्सच्या २०१९ मधील दहाव्या आवृत्तींत हें अनेकांच्या प्रत्ययास आलें : रूट होऊनहि नवें खातें उघडण्याची आज्ञा सांपडेना, कारण तिचा कप्पाच यादींत नव्हता.

गैरसोय एक वेळ सोसतां येते. धोका मात्र निराळा आहे. त्या यादींत परक्यालाहि लिहितां येईल असा कप्पा असला आणि तेथें कोणी नेहमींच्या आज्ञेच्या नांवाचा खोटा प्रोग्राम ठेवला, तर तो रूटच्या पूर्ण अधिकारानें चालेल. ‘सु’पुढें एक जागा सोडून लहानशी आडवी रेघ दिली, कीं नव्यानें प्रवेश केल्याप्रमाणें रूटची स्वतःची यादी व स्वतःचें घर मिळतें. श्रोत्यांनीं ही रेघ अवश्य ध्यानांत ठेवावी.

तरीहि रूटचा शब्द चौघांना ठाऊक असला, तर कोणी काय केलें हें कळणें कठीण. त्यावर १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठांत बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनीं ‘सुडू’ लिहिली. ती साधारणतः वापरकर्त्याचा स्वतःचाच शब्द विचारते, नेमून दिलेल्या आज्ञाच चालवूं देते आणि त्यांची नोंद ठेवते. तिच्या नियमांची फाइल ‘व्हिसुडू’नेंच बदलावी, ती लिखाणांतील चूक जतन होण्यापूर्वीं दाखविते.

काम संपतांच ‘एक्झिट’ देऊन आपल्या खात्यांत परतावें. तिजोरी उघडी टाकून कोणी निजत नाहीं. रूटचें खातेंहि उघडें टाकून उठूं नये.