गावाचं नाव सांगणारं दुकान

 

आज एका दुकानाबद्दल बोलायचं आहे. युरोपातल्या शहरांत गल्लोगल्ली एक प्रकारचं खाण्याच्या जिनसांचं दुकान असतं. त्याला 'डेली' म्हणतात. 'डेलिकाटेसन' या जर्मन शब्दाचं हे छोटं रूप. त्याचा अर्थ चवीचे, निवडक पदार्थ. आता तुम्ही म्हणाल, वर्धा जिल्ह्यात बसून आम्हाला युरोपच्या दुकानाचं काय करायचं? जरा ऐका, आपल्या कामाचं आहे.

हे किराणा दुकान नाही. हॉटेलही नाही. काचेच्या कपाटात चीजचे मोठे मोठे गोळे, बरणीत मीठ लावून आंबवलेली कोबी, मुरवलेली ऑलिव्हची फळं, ताजा पाव, हातानं केलेला पास्ता, खारवलेलं मांस असं सगळं मांडलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, अमुक चीज द्या. दुकानदार आधी एक कापटी चाखायला देतो, पसंत पडलं की हवं तेवढं कापून, वजन करून, कागदात बांधून देतो. आणि देताना सांगतो, हे कोणत्या गावचं आहे, गाईचं आहे की मेंढीचं, किती महिने मुरलं आहे. गिऱ्हाईक त्या माहितीचेही पैसे मोजतं.

आता या मालाकडे आपल्या डोळ्यांनी बघा. त्यांचा पास्ता म्हणजे काय? गव्हाचं पीठ भिजवायचं, आकार द्यायचा, वाळवायचं, लागेल तेव्हा उकडून खायचं. आपल्याकडे काडीवर पीठ गुंडाळून सरगुंडे करतात, वाळवून डब्यात भरतात आणि उन्हाळ्यात आमरसाबरोबर खातात. त्यांची आंबवलेली कोबी तशी आपली लोणची. दूध टिकत नाही ही अडचण त्यांनाही होती आणि आपल्यालाही. त्यांच्या थंड मुलखात दुधाचं चीज करून महिनोन्‌महिने तळघरात मुरवता आलं. आपल्या मे महिन्याच्या उन्हात तसं जमणं कठीण, म्हणून आपल्या आज्यांनी दुधाचं तूप केलं. कला दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो दुकानात. त्यांच्या बाईचा माल गावाच्या नावानं विकला जातो. आपला माल पोत्यात जातो, आणि पोत्याला नाव नसतं.

पण आपल्या वर्ध्यात असं दुकान नाही का? आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथून डबा घेऊन सोयरिकीला गेल्या असतील. मी गोरस भंडाराबद्दल बोलते आहे.

गांधीजी वर्ध्याला आले, १९३६ साली शेगावात राहायला गेले, पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं, हे आपल्याला माहीतच आहे. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात गोसेवेचं काम हाती घेतलं होतं. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले, तेव्हाही त्याच कामात होते. गाय राखायची असेल तर गाईच्या दुधाला भाव मिळाला पाहिजे, हा त्या काळच्या मंडळींचा साधा हिशेब होता. नुसती पूजा करून गाय राखता येत नाही, तिला रोज कडबा आणि ढेप लागते. या विचारातून वर्ध्यात गोरस भंडार उभं राहिलं. आसपासच्या गावांतल्या गोपालकांचं गाईचं दूध तिथे येतं, शहरात विकलं जातं, त्याचं तूप होतं. आणि गव्हाचं पीठ, साखर आणि गाईचं तूप घालून भाजलेला गोरसपाक होतो. तोंडात टाकला की विरघळतो. वर्ध्याला आलेला पाहुणा परत जाताना गोरसपाक घेतल्याशिवाय जात नाही.

गोरसपाकात काय साधलं ते बघा. दूध सकाळचं संध्याकाळी नासतं. तूप टिकतं, पण ते सगळ्यांना परवडत नाही. त्याच तुपाचा कोरडा, खुसखुशीत पदार्थ केला की तो फ्रिजशिवाय प्रवासाला जातो, आणि त्याच्याबरोबर वर्ध्याचं नावही जातं. पुण्यामुंबईतला माणूस डबा उघडून म्हणतो, 'हा वर्ध्याचा.' हेच त्या युरोपातल्या दुकानाचं मर्म आहे.

आणि या डब्याच्या मागे आपल्या जिल्ह्याची गाय उभी आहे. गवळाऊ ही आपल्या भागातली जात. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत नंदगवळी समाजानं ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. पांढरी, चपळ, आपलं ऊन सोसणारी गाय. दूध संकरित गाईपेक्षा कमी देते. म्हणून तिच्या दुधाला वेगळं नाव आणि वेगळा भाव नसेल, तर तिला ठेवणं गरीब घराला परवडत नाही. दुकानाच्या काउंटरवर काय लिहिलं आहे, यावर गोठ्यात कोण राहणार हे ठरतं.

दुसरी जागा मगनवाडी. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ साली सुरू झाला आणि त्याचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत होतं. जे. सी. कुमारप्पा तिथे काम करत. घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद, मधमाशा, अशा गोष्टींवर तिथे प्रयोग झाले. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. तिथे खेड्यातली अवजारं आणि कारागिरी बघायला मिळते. गटाच्या बायांनी एकदा मुद्दाम बघावं असं ते ठिकाण आहे. ज्या घाणीच्या तेलाला आज शहरातला गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार आहे, ते तेल जपलं पाहिजे हे तेव्हाच कुणीतरी सांगत होतं.

तिसरी गोष्ट आपल्या वावरातली. समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव. तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भौगोलिक मानांकन म्हणजे काय? अमुक वस्तूचा गुण अमुक मातीतून आणि तिथल्या माणसांच्या पद्धतीतून येतो, म्हणून ते नाव त्याच भागातल्या उत्पादकांनी वापरायचं, असा कायदा. आपल्या देशात हा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून लागू झाला. फ्रान्समध्ये रॉकफोर नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज आहे. ते त्याच नावाच्या गावच्या गुहांत मुरवावं लागतं. त्या नावाला तिथल्या सरकारनं १९२५ सालीच कायद्याचं संरक्षण दिलं. दुसऱ्या गावानं तसंच चीज केलं तरी त्याला रॉकफोर म्हणता येत नाही. वायगावच्या हळदीची ओळख तशीच आहे. रंग गडद, आणि हळदीला जो गुण देतो तो कुरकुमिन नावाचा घटक जास्त.

पण मैत्रिणींनो, मानांकन कागदावर मिळून भागत नाही. नाव वापरणाऱ्या शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माल वेगळा ठेवावा लागतो. हळकुंडं एकदा व्यापाऱ्याच्या ढिगात पडली, दुसरीकडच्या हळदीबरोबर दळली गेली, की कोणती पूड कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता खरा प्रश्न. गटाच्या बैठकीत तो नेहमी येतो. एक बाई म्हणते, "कायले एवढा घोर घेता? चुंगड्या भरा, व्यापाऱ्याले देऊन टाका, रोख पैसा येते हाती." दुसरी म्हणते, आपणच पाकिटं करू. दोघींचंही खरं आहे. म्हणून हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा १० किलो ओली हळद आहे. २५ रुपये किलोनं तिचे २५० रुपये झाले. शिजवणं, वाळवणं, घासून साफ करणं यात दोघींचा वेळ गेला, त्याची मजुरी १५० धरली. दळण ४०, पाकिटं आणि लेबल ३०, बसचं भाडं ३०. एकूण ५०० रुपये. ओली हळद वाळून साधारण पाचवा हिस्सा उरते, म्हणजे २ किलो. साफसफाई आणि दळणाची घट गेली की हाती आली पावणेदोन किलो पूड. ५०० भागिले पावणेदोन, म्हणजे किलोमागे २८६ रुपये आपला खर्च. आता कुणी २२० रुपये किलोनं पूड मागितली तर? पावणेदोन किलोचे ३८५ रुपये येतील. म्हणजे ११५ रुपयांचा तोटा. पण आपल्याला तो तोटा दिसत नाही, कारण आपण आपली मजुरी खर्चात धरतच नाही. १५० रुपये वगळले की खर्च ३५० दिसतो, आणि आपण म्हणतो, ३५ रुपये सुटले. सुटले नाहीत बाई. दोघींच्या कामाचे १५० व्हायला हवे होते, हाती ३५ आले.

म्हणून भाव सांगायच्या आधी कागदावर मजुरी लिहा. हे सगळ्यात पहिलं.

पण दुसरी बाजूही ऐका. आमच्या गटानं एकदा शहरातल्या एका दुकानात सांडगे आणि जवसाची चटणी ठेवली. भाव चांगला ठरला. पण पैसे माल विकल्यावर मिळणार होते. दोन महिने गेले, अर्धा माल परत आला, राहिलेल्या पैशांसाठी चार चकरा झाल्या. तेवढ्यात पेरणी आली. ज्या घरी जूनमध्ये बियाण्याला पैसा लागतो, त्या घरातल्या बाईला 'थांब, नाव होईल' असं सांगणं सोपं नाही. तिचा हप्ता नावावर भरता येत नाही.

मग करायचं काय? आम्ही नंतर ठरवलं, सगळा माल एका वाटेनं जाऊ द्यायचा नाही. अर्धा रोखीनं द्यायचा, घरची नड भागवायची. उरलेला स्वतःच्या नावाच्या पाकिटात. दुकानाला माल देताना तारीख घालून चिठ्ठी करायची: किती पाकिटं दिली, पैसे कोणत्या तारखेला, परत आलेला माल कोणाच्या माथी. तोंडी व्यवहार बंद. आणि पाकिटांच्या विक्रीतून आलेल्या पैशातला काही हिस्सा गटाच्या पेटीत बाजूला, म्हणजे पुढच्या वेळी दुकानाचे पैसे अडले तरी पेरणीच्या वेळी गटातूनच उसनवार मिळावी.

पाकीट करायचं तर काही गोष्टी चुकवता येत नाहीत. अन्नपदार्थ विकणाऱ्या लहान गटालाही नोंदणी लागते. अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक १४ आकडी असतो आणि तो पाकिटावर छापावा लागतो. त्याशिवाय पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलं आहे ते जास्त वजनापासून कमी वजनाकडे, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, किंमत, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि आपला पूर्ण पत्ता. तुमच्या प्रभागाच्या ताईला विचारा, ती अर्ज भरायला मदत करेल. आणि चव प्रत्येक वेळी तीच राहिली पाहिजे. त्यासाठी मीठ, तिखट मुठीनं न घालता काट्यावर मोजून घाला. हाताला चव असते हे खरं, पण दहा जणींचे हात वेगवेगळे असतात.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या वेळी वर्ध्याला कोर्टाच्या, दवाखान्याच्या, बँकेच्या कामाला जाल, तेव्हा गटातल्या दोघीजणी मिळून गोरस भंडारात जा. पाव किलो गोरसपाक घ्या, पण घाई करू नका. काउंटरपाशी उभं राहून बघा. डबा कसा बांधतात, भाव कुठे लिहिला आहे, लेबलवर काय आहे, गिऱ्हाईक काय विचारतं. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला कुणी गेलात तर तिथेही हेच बघा: कोणत्या स्टॉलवर गर्दी आहे आणि तिथली बाई गिऱ्हाईकाला काय सांगते आहे. बहुतेक वेळा ती आपल्या गावाचं नाव सांगत असते.

मग परत येऊन गटाच्या वहीत तीन ओळी लिहा. आपल्या गावात असं काय होतं, जे दुसऱ्या गावात तसं होत नाही? ते कोणत्या बाईच्या हातचं आहे? आणि मजुरी धरून त्याचा खर्च किती? पुढच्या बैठकीत त्या तीन ओळींवर बोला. गोरसपाक तोंडी लावायला असेलच.