सहा व्होल्टची मोटार आणि दोषाचा शोध



वसंत व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारण ऐकता. त्या पंगतीत मोटारीच्या डायनामोचे पान वाढलेले पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे गॅरेजात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले, आणि उमेद सारी कामगारांच्या संघटनेत गेली. तेव्हा मी आपल्याला विद्वत्तेचे काही देऊ शकणार नाही. पण बिघाड झाला म्हणजे त्याचे मूळ कसे शोधावे, ही एक विद्या आहे, आणि ती मोटारगाडीने मला शिकवली. तीच आज आपल्यापुढे मांडतो.

आजच्या मोटारींची बॅटरी बारा व्होल्टची असते. पूर्वी तसे नव्हते. १९२८ पासून मुंबईला शिवडीच्या कारखान्यात जनरल मोटर्स शेव्हर्ले गाड्यांची जोडणी करीत असे. पुढे कुर्ल्याला प्रीमियरने डॉज आणि प्लिमथ जोडल्या, तर माझगावला महिंद्रांनी विलिज जीप जोडली. त्या काळच्या या अमेरिकी घराण्यातल्या गाड्या सहा व्होल्टच्या होत्या. १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या कारखान्यांनी बारा व्होल्ट पत्करले आणि सहा व्होल्टचा जमाना हळूहळू सरला. तरीही आपल्या नागपुरात एखाद्या जुन्या बंगल्याच्या पोर्चमध्ये, किंवा एखाद्या मालगुजाराच्या वाड्यात, आजोबांची जीप ताडपत्रीखाली अजून उभी असते. हौसेने ती कोणी बाहेर काढतो, आणि मग एकच तक्रार सुरू होते : "बॅटरी टिकत नाही हो!"

सहा व्होल्टची अडचण काय, ते आधी हिशेबाने पाहू. छत्तीस वॅटचा दिवा बारा व्होल्टवर तीन अँपिअर प्रवाह घेतो. सहा व्होल्टवर त्यालाच सहा अँपिअर लागतात. दाब निम्मा, म्हणून प्रवाह दुप्पट. आता वाटेत एखादा सांधा गंजून एक व्होल्ट गिळू लागला, तर बारातला एक जाणे म्हणजे श्रीमंताच्या घरची चोरी. सहातला एक जाणे म्हणजे गरिबाच्या ताटातली भाकरी जाणे. म्हणून या गाड्यांच्या तारा जाड असतात आणि प्रत्येक सांधा घासूनपुसून घट्ट करावा लागतो. पुष्कळदा नव्या पद्धतीची बारीक तार घालून लोक स्वतःच दुखणे विकत घेतात.

या व्यवस्थेत मुख्य गडी तीन. बॅटरी म्हणजे पाण्याचा हौद. डायनामो म्हणजे मोट. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो आणि हौद भरतो. तिसरा रेग्युलेटर, तो मोटेवरचा राखणदार. त्याच्या डबीत एक कटआऊट असतो. मोट थांबली की हौदातले पाणी उलटे विहिरीत जाऊ नये म्हणून तो वाट बंद करतो. बाकीची वेटोळी दाब आणि प्रवाह मर्यादेत ठेवतात. बॅटरीवरचा दाब सव्वासात व्होल्टच्या आसपास राहिला म्हणजे ठीक. फार चढला तर पाणी उकळून उडते, आणि आपल्या नागपुरी उन्हाळ्यात ते आधीच भराभर आटत असते.

आता शोधाचा क्रम सांगतो. पहिल्याने बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडलेले आहे ते पाहावे. जीप आणि शेव्हर्ले यांचे ऋण टोक बॉडीला असते. त्या काळच्या प्लिमथ, डॉज आणि फोर्ड यांचे धन टोक. सवयीने उलटी जोडणी करणारे महाभाग पुष्कळ आहेत. मग बॅटरीचे तिन्ही सेल हायड्रोमीटरने तपासावेत. दोन सेल चांगले आणि तिसरा फार खाली असेल, तर त्या बॅटरीला डायनामोचा बापही वाचवू शकणार नाही. त्यानंतर पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. सुमारे अर्धा इंच दबला तर ठीक, सैल असेल तर तो घसरतो.

इंजिन बंद असता चांगल्या बॅटरीवर सहा व्होल्टच्या थोडे वर दिसतात. इंजिन जरा वेगाने चालवले की काटा सातच्या वर गेला पाहिजे. नाही गेला, तर दोष डायनामोत की रेग्युलेटरमध्ये हे ठरवायचे. जीपच्या डायनामोवरील फील्डची तार काढावी आणि ते फील्डचे टोक दोन-चार सेकंद बॉडीला टेकवावे. अँपिअरमीटरचा काटा उसळला, तर डायनामो निर्दोष; रेग्युलेटर किंवा त्याच्या तारा पाहाव्यात. काटा हललाच नाही, तर डायनामो उघडून कार्बन झिजले आहेत का, तांब्याचा कम्युटेटर काळवंडला आहे का, ते पाहावे. तो काचपेपरने पुसावा. एमरीने नव्हे, कारण तिचे कण फटींत बसून वीज वाहू देतात. फोर्डच्या बहुतेक डायनामोंत फील्ड आतूनच बॉडीला जोडलेले असते. तेथे ही परीक्षा निराळ्या रीतीने करावी लागते. एका गाडीचा मंत्र दुसरीवर म्हणू नये. आणि चालत्या गाडीची बॅटरी काढून "डायनामो पाहतो" म्हणणाऱ्याला हात जोडून दूर ठेवावे. दाब भलताच चढून दिवे जळतात.

हे सारे सांगण्याचे कारण आता सांगतो. आमच्या संघटनेकडे एका गॅरेजातला हेल्पर आला. वय विशीच्या आत. हौशी मालकाची जुनी जीप तेथे नव्याने रंगवली होती, आणि तेव्हापासून तिच्या दोन नव्या बॅटऱ्या बसल्या होत्या. सेल्फ मारला की इंजिन कण्हायचे आणि थांबायचे. "या पोट्ट्याने पाणी घातले नाही," असा निकाल लागला, आणि दोन्ही बॅटऱ्यांचे पैसे त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापले जाऊ लागले.

१९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात अशा कपातीला अट होती : नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि आपली बाजू मांडण्याची संधी त्याला आधी मिळाली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही ती अट आली आहे. पण बाजू मांडायची तर पुरावा हवा. आम्ही मोर्चा नेला नाही, व्होल्टमीटर नेला.

बॅटरीचे तिन्ही सेल पाण्याने भरलेले होते. डायनामोची परीक्षा घेतली, तो चोख होता. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली. या दोहोंत काटा जवळजवळ शून्यावर राहिला पाहिजे. सेल्फ मारताच तो दोन व्होल्टच्या पुढे गेला! बॅटरीकडून चॅसीकडे जाणारी जाड पट्टी सोडवली. तिच्याखाली सुंदर, गुळगुळीत, चकचकीत रंग होता. रंगाऱ्याने लोखंड झाकले होते आणि त्यावर पट्टी आवळली होती. धातूला धातू जेमतेम एका कडेवर लागत होता.

हिशेब सोपा आहे. त्या सांध्यात एका ओमचा अवघा पन्नासावा भाग विरोध धरा. सेल्फने दीडशे अँपिअर ओढले की तीन व्होल्ट तेथेच गेले; सहातले तीन! चार्जिंगच्या वीस अँपिअरला चार दशांश व्होल्ट गेले. म्हणजे रेग्युलेटरला वाटते काम झाले, आणि बॅटरी अर्धपोटी राहते. अशा गाडीत तिसरी बॅटरीही बसली असती, आणि तिचेही पैसे त्याच मुलाने भरले असते.

रंग खरवडला, पट्टी आवळली, मीटर पुन्हा लावला. मालकाने काटा स्वतः पाहिला. कापलेले पैसे परत मिळाले. एवढे मात्र खरे की, तो मालक दुष्ट नव्हता. त्याला समोर दिसणारी वस्तू बॅटरी होती आणि समोर दिसणारा माणूस हेल्पर होता. वीज जाते ती तार सगळे पाहतात. ती परत येते तो रस्ता बॉडीतून जातो, आणि तिकडे कोणी पाहत नाही.

म्हणून घरी जुनी गाडी असलेल्यांना माझी विनंती आहे, की नवी बॅटरी घेण्याआधी एक साधा मीटर घ्या, आणि जाण्याची व येण्याची अशा दोन्ही वाटा सांध्यासांध्याने मोजा. ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांना विनंती एवढीच, की कोणाचा पगार कापण्याची वेळ आपल्यावर आली, तर कापण्यापूर्वी मोजमाप काय झाले ते विचारा. त्या हेल्परने पुढे स्वतःच्या पैशांनी घेतलेली पहिली वस्तू व्होल्टमीटर होती, हे सांगताना मला समाधान वाटते.